आभाळ पडेल म्हणून जेवण सोडलेला माणूस

चिनी भाषेत एखाद्याला 'तू नसती काळजी करतोस' हे सांगायला चार अक्षरं पुरतात: छी रन यौ थ्येन. छी हे एका जुन्या राज्याचं नाव, रन म्हणजे माणूस, यौ म्हणजे काळजी करणं आणि थ्येन म्हणजे आकाश. छीचा माणूस आकाशाची काळजी करतो. बस्स, एवढंच. पुढची गोष्ट ऐकणाऱ्याला ठाऊक आहेच, असं धरून चालायचं. आपण 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणून थांबतो, कोल्हा किती उड्या मारून दमला ते सांगत बसत नाही, तसंच हे.

अशा चार अक्षरी वाक्प्रचारांना चिनीत छंग-यू म्हणतात. शाळेत ते पाठ करून घेतात, निबंधात पेरले की गुण मिळतात आणि घरातली मोठी माणसं ते येताजाता ऐकवतात. छीच्या माणसाचा तर लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात ठरलेला अवतार आहे: डोक्यावर हात धरून वर बघत पळणारा एक बावळट म्हातारा. मूळ मजकुरात तो म्हाताराही नाही आणि पळतही नाही. आणि गोष्ट त्याच्यापाशी संपतही नाही. चार माणसांच्या गोष्टीतलं पहिलं माणूस तेवढं वाक्प्रचारात उरलं आणि तीन गळाली. माझ्या मते गळालेली तीन जास्त मजेदार आहेत.

ही गोष्ट 'लिएत्सू' या ताओवादी ग्रंथात आहे. ग्रंथाचे भाग आठ, त्यातल्या पहिल्याच भागात ती येते. ज्याच्या नावावर हा ग्रंथ आहे तो लिएत्सू झेंग राज्यातला, म्हणजे आजच्या हेनान प्रांतातला. परंपरेनं त्याचा काळ इसवी सनापूर्वीचा धरला जातो. मात्र आज जो ग्रंथ वाचायला मिळतो तो इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या झांग झान या भाष्यकाराच्या हातून आलेला आहे. त्यातलं जुनं किती आणि नंतर भर घातलेलं किती, यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत.

मजकूर अगदी आटोपशीर आहे. छी राज्यात एक माणूस होता. आकाश कोसळेल, जमीन खचेल आणि आपल्याला अंग टेकायलाही जागा उरणार नाही, या काळजीनं त्याची झोप उडाली, अन्न तुटलं. नाव नाही, वय नाही, धंदा नाही. त्याच्याविषयी ग्रंथ सांगतो ते एवढंच.

मग येतो दुसरा माणूस. त्याची ओळख ग्रंथ ज्या शब्दांत करून देतो ते शब्द मुद्दाम पाहण्यासारखे आहेत: 'त्याच्या काळजीची काळजी करणारा आणखी एक जण होता.' म्हणजे समजूत घालायला आलेला माणूसही काळजीतच होता, फक्त त्याची काळजी आभाळाऐवजी माणसाची होती. प्रत्येक घरात अशी जोडी असते. एकाला घोर लागतो आणि त्याला घोर लागला म्हणून दुसऱ्याचा डोळ्याला डोळा लागत नाही.

हा दुसरा समजावतो तीन पायऱ्यांनी. पहिली पायरी: 'अरे, आकाश म्हणजे नुसता साठलेला वायू. वायू नाही अशी जागाच नाही. तू वाकतोस, ताठ होतोस, श्वास घेतोस सोडतोस, ते सगळं दिवसभर आकाशातच चाललेलं असतं. ते कोसळणार कसं?' यावर पहिल्याचं समाधान होतं का? मुळीच नाही. तो विचारतो, 'आकाश जर वायूच असेल, तर मग सूर्य, चंद्र, तारे पडायला नकोत का?' अतिशय रास्त प्रश्न. छप्पर नाहीच म्हटल्यावर दिवे कशाला टांगलेत?

दुसरी पायरी: 'सूर्य, चंद्र, तारे म्हणजे त्याच वायूतला चकाकणारा भाग. पडले तरी कुणाला लागणार नाही.' पहिला लगेच पुढे सरकतो: 'आणि जमीन खचली तर?' तिसरी पायरी: 'जमीन म्हणजे साठलेली ढेकळं. चारी दिशा त्यांनी भरून टाकल्यात. तू दिवसभर तिच्यावर चालतोस, पाय आपटतोस. ती कशी खचेल?' आता मात्र पहिल्याच्या मनावरचं ओझं उतरतं आणि तो खूश होतो. मागोमाग ग्रंथ तेच शब्द पुन्हा वापरून म्हणतो की समजावणाराही मोकळा होऊन खूश झाला.

या तीन पायऱ्यांत काळजी करणाऱ्या मनाची चाल नेमकी पकडली आहे. एक शंका फिटली की मन रिकामं राहत नाही, ते शेजारच्या शंकेवर जाऊन बसतं. आकाश झालं की तारे, तारे झाले की जमीन. उत्तरं बरोबर असोत की चूक, यादी संपेपर्यंत माणूस थांबत नाही. आणि इथली उत्तरं तशी लंगडीच आहेत. 'तू दिवसभर त्यावर चालतोस, म्हणून ते पडणार नाही' हा काही पुरावा झाला नाही. पूल कोसळण्याच्या आदल्या दिवशीही लोक त्यावरून चालत असतातच.

लहान मुलांच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. ग्रंथातली संपत नाही.

तिसरा माणूस छांगलूत्सू. ही सगळी हकिकत ऐकून तो हसतो. पण हसतो काळजी करणाऱ्याला नव्हे, समजावणाऱ्याला. त्याचं म्हणणं असं: इंद्रधनुष्य, ढग, धुकं, वारा, पाऊस, ऋतू यांनी आकाश बनलंय, डोंगर, नद्या, समुद्र, धातू, दगड, आग, लाकूड यांनी पृथ्वी. हे सगळे साठे आहेत हे कळल्यावर ते कधी मोडणार नाहीत असं कशाच्या जोरावर म्हणता? अफाट पोकळीत आकाश आणि पृथ्वी ही एक बारीकशी वस्तू आहे. मोडेल म्हणून आज काळजी करणं म्हणजे फार लांबचा विचार झाला, पण मोडणारच नाही म्हणणंही बरोबर नाही. जे बनलंय ते कधीतरी मोडणार, आणि मोडण्याची वेळ आली की मग काळजी का करू नये?

आणि चौथा खुद्द लिएत्सू. तोही हसतो. मोडेल म्हणणाराही चुकतो, मोडणार नाही म्हणणाराही चुकतो. हे आपल्याला कळण्यासारखंच नाही. जिवंतपणी मरणाचं कळत नाही, मेल्यावर जगण्याचं कळत नाही. येणाऱ्याला जाणाऱ्याचं ठाऊक नाही, जाणाऱ्याला येणाऱ्याचं. मग मोडण्या-न मोडण्याला मी मनात जागा कशाला देऊ?

म्हणजे मूळ गोष्टीचा विषय 'वेडगळ माणूस' हा नाहीच. काळजी करणाऱ्याला काय उत्तर द्यावं, हा विषय आहे. त्याची तीन उत्तरं एकावर एक रचलेली आहेत आणि वरचं प्रत्येक उत्तर खालच्याला हसतं. वाक्प्रचार झाला तेव्हा प्रश्न तेवढा राहिला, उत्तरं गेली.

आता तो माणूस छीचाच का?

झोऊ घराण्यानं इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात शांग घराणं उलथवलं, तेव्हा राजा वूनं त्याआधीच्या श्या घराण्याचा वंशज शोधून काढला आणि त्याला छीचा मुलूख दिला. पूर्वजांची पूजाअर्चा चालू राहावी हा हेतू. शांगच्या वंशजांना तसंच सोंग राज्य मिळालं. हरलेल्या राजघराण्यांची ही दोन संस्थानं जुन्या चिनी गोष्टींत कायम चेष्टेचा विषय असतात. ससा एकदा बुंध्यावर आपटून मेला म्हणून रोज त्याच बुंध्यापाशी बसून राहणारा शेतकरी सोंगचा. रोपं लवकर वाढावीत म्हणून एकेक रोप हातानं वर ओढून ठेवणारा आणि घरी येऊन 'आज फार दमलो' म्हणणाराही सोंगचाच. आकाशाला भ्यालेला छीचा. आपल्याकडेही पंचक्रोशीत चेष्टेसाठी एक गाव राखून ठेवलेलं असतं, तसलाच प्रकार.

छी होतंही बिचारं चिमुकलं. श्या काळच्या विधींविषयी मी बोलू शकतो, पण छीमध्ये त्याचा पुरेसा पुरावा उरलेला नाही, अशी खंत कन्फ्यूशियसच्या संवादांत नोंदलेली आहे. इतिहासकार सीमा छ्येननं तर हे राज्य इतकं क्षुल्लक की त्याच्या कारभाराविषयी सांगण्यासारखं काही नाही, अशा अर्थाचा शेरा मारून ते उरकलं. बलाढ्य शेजाऱ्यांच्या रेट्यात हे राज्य पूर्वेकडे, आजच्या शांदोंग प्रांताच्या बाजूला सरकत गेलं. इ.स.पू. ६४६ मध्ये दुसऱ्या राज्यांनी मिळून युआनलिंग इथे तटबंदी उभारून दिली आणि छीचा संसार तिकडे हलला. अखेर इ.स.पू. ४४५ मध्ये छू राज्यानं ते गिळलं. 'अंग टेकायला जागा उरणार नाही' ही भीती कुणा एकाची नसून त्या अख्ख्या राज्याची होती, असा अर्थ काढायचा मोह होतो. ग्रंथात तसं कुठे म्हटलेलं नाही, म्हणून तो मोह इथेच सोडतो.

आकाशातून काही पडणं मात्र त्या लोकांना नवीन नव्हतं. चिनी वार्षिक इतिवृत्तात इ.स.पू. ६८७ मध्ये एका रात्री तारे पावसासारखे पडल्याची नोंद आहे. इ.स.पू. ६४४ च्या वसंतात पाच दगड आकाशातून पडल्याचीही आहे, आणि ते पडले कुठे, तर छीच्या जुन्या मुलखाला लागून असलेल्या सोंगमध्ये.

त्यात कथा तर आकाश मोडण्याचीच होती. गोंगगोंग नावाच्या राक्षसी वीरानं लढाईच्या रागात बूचौ पर्वताला धडक दिली, आकाशाचा खांब मोडला, आकाश वायव्येला कललं म्हणून चंद्रसूर्य तिकडे सरकतात, आणि जमीन आग्नेयेला खचली म्हणून चीनच्या नद्या तिकडे वाहतात. न्युवा देवीनं पंचरंगी दगड वितळवून आकाशाची भोकं बुजवली, कासवाचे पाय तोडून चार खांब उभे केले. म्हणजे आपण 'आभाळालाच ठिगळ कुठून लावणार' म्हणून हात टेकतो, ते ठिगळ चिनी पुराणात खरोखर लावून झालेलं आहे! गंमत अशी की ही कथाही 'लिएत्सू'तच आहे, पाचव्या भागात. एकदा पडलेलं आणि डागडुजी केलेलं छप्पर पुन्हा गळेल का, ही काळजी घरदुरुस्ती केलेल्या कुणालाही वेडगळ वाटणार नाही.

त्या काळच्या खगोलशास्त्राचं बळही भित्र्याच्याच बाजूला होतं. आकाश छत्रीसारखं वर पसरलंय आणि जमिनीपासून ८०,००० ली (ली हे अंतराचं चिनी माप) उंच आहे, असं एक मत. अंड्यातल्या बलकासारखी पृथ्वी आकाशाच्या कवचात आहे, हे दुसरं. दोन्हींत आकाश ही घट्ट वस्तू आहे, म्हणजे मोडू शकते. तिसरं मत वेगळं होतं: आकाशाला घट्ट रूपच नाही, ग्रहतारे मोकळ्या वायूत तरंगतात. समजावणारा माणूस बोलतो ते या तिसऱ्या मताशी जुळणारं आहे. तेव्हा खरं तर इथे शहाणा विरुद्ध मूर्ख असा सामना नाही, विश्वाच्या दोन नकाशांचं भांडण आहे.

'पडले तरी लागणार नाही' हे वाक्य मात्र सपशेल चुकलं. ८ मार्च १९७६ रोजी चीनच्या जीलिन भागात उल्कावर्षाव झाला, त्यातला सर्वांत मोठा दगड १,७७० किलोचा होता. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली तेव्हा सुमारे १,५०० लोकांना उपचार घ्यावे लागले. बहुतेकांना लागलं ते दगडानं नव्हे, फुटलेल्या काचांनी. झोत आधी दिसला, धक्का मागून आला. मधल्या वेळात लोक बघायला खिडकीशी गेले होते. आपलं बुलढाण्यातलं लोणार सरोवर तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा जिवंत पुरावाच आहे. आणि २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आभाळातून पडलं. ते चिनी लाँग मार्च रॉकेटचा तुकडा असावं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. छीच्या माणसाला हे दाखवायला हवं होतं.

भारतातही आभाळ पडण्याच्या धास्तीच्या गोष्टी आहेत, पण त्यांची तऱ्हा निराळी. पंचतंत्रातली टिटवी आकाश कोसळेल म्हणून पाय वर करून झोपते. आपल्या आजीही टिटवीविषयी हेच सांगत. पण तिथे टर भीतीची नाही, गर्वाची आहे: एवढीशी काटकुळी पावलं आणि आभाळ पेलायला निघाली! पाली जातकांतला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला, ३२२ क्रमांकाचा ससा छीच्या माणसाला जास्त जवळचा. बेलाच्या झाडांत, ताडाच्या रोपट्याखाली तो पडलेला असतो. 'जमीन फाटली तर मी कुठे जाऊ' हा विचार मनात येतो न येतो तोच पिकलेलं बेलफळ ताडाच्या पानावर धाडकन आदळतं. ससा पळत सुटतो, मागे हजारो ससे, मग हरणं, डुकरं, म्हशी, वाघ, हत्ती. सिंह त्यांना अडवतो आणि एकेकाला विचारत जातो, 'तू पाहिलंस का?' हत्ती म्हणतात दुसऱ्यांना ठाऊक, दुसरे म्हणतात तिसऱ्यांना. असं करत करत ससा सापडतो. सिंह त्याच्याशी वाद घालत नाही. त्याला पाठीवर घेऊन त्याच जागी परत नेतो आणि पडलेलं फळ दाखवतो.

वाद न घालता जागेवर नेण्याची हीच युक्ती दुसऱ्या एका चिनी वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. 'पेल्यातलं धनुष्य, सापाची सावली.' दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या एका ग्रंथात त्याची हकिकत आहे. एका अधिकाऱ्यानं उन्हाळ्यात हाताखालच्या कारकुनाला मद्य प्यायला बोलावलं. उत्तरेच्या भिंतीवर लाल रंगाचं धनुष्य टांगलेलं होतं, त्याचं प्रतिबिंब पेल्यात पडलं. कारकुनाला वाटलं आत साप आहे. साहेबांसमोर नाही कसं म्हणणार? प्यायला. त्याच दिवसापासून छाती-पोटात कळा, अन्न जाईना, औषधं लागू पडेनात. पुढे अधिकाऱ्याला कारण कळलं. परत येऊन तो विचार करत बसला असताना त्याची नजर भिंतीवर गेली. त्यानं कारकुनाला गाडीत घालून आणवलं, त्याच जागी बसवलं, पेला पूर्वीच्याच जागी ठेवला. साप पुन्हा दिसला. 'तो बघ, भिंतीवरचं धनुष्य.' दुखणं गेलं. इथली नेमकी गोष्ट पेल्याची जागा आहे. वीतभर इकडे तिकडे ठेवला असता तर साप दिसलाच नसता, आणि कारकून मनात म्हणाला असता, 'आज नाही दिसला, पण तेव्हा होता.' आपल्याकडे दोरीवर साप दिसण्याचा दाखला वेदान्तात येतो, त्यातही दिवा आणून त्याच दोरीवर धरावा लागतो.

आकाश मात्र कुणाला जागेवर नेऊन दाखवता येत नाही. म्हणून छीच्या माणसापुढे वादाशिवाय दुसरा इलाज नव्हता, आणि वाद म्हटला की एका उत्तरावर भागत नाही.

आता वापराकडे. चिनी शिकणाऱ्यांचं इथे हमखास अडतं.

पहिली अडचण अक्षराची. छी या अक्षरात डावीकडे 'झाड' आणि उजवीकडे 'स्वतः' असे दोन भाग असतात. उजव्या भागात एक रेघ जास्त पडली की ते लोकाट फळाच्या नावातलं अक्षर होतं. लिहिताना ही चूक चिनी मुलंही करतात. हेच छी आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणाऱ्या गोजी बेरीच्या चिनी नावात, कौ-छीमध्ये, आहे. 'गोजी' हा त्याचाच इंग्रजीतून फिरून आलेला अवतार. काळजीच्या यौ अक्षराच्या डाव्या अंगाला हृदयाचं चिन्ह असतं, ते विसरू नये.

दुसरी अडचण सुरांची. चिनीत उच्चार तोच राहून सूर बदलला की शब्द बदलतो. या एकाच गोष्टीभोवती तीन छी आहेत. आपल्या माणसाचं राज्य तिसऱ्या सुरातलं, खाली जाऊन वर येणारं. शांदोंगमधलं बलाढ्य छी राज्य दुसऱ्या सुरातलं, चढणारं. आणि समजावणारा ज्या वायूविषयी बोलतो तोही छीच, पण चौथ्या सुरातला, झटकन खाली येणारा. रोमन लिपीत सूरचिन्हं गाळली की तिन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे या भित्र्याला बलाढ्य छीचा नागरिक करून टाकलेली भाषांतरं सर्रास दिसतात. गोंधळात भर म्हणजे इ.स.पू. ६४६ ची ती तटबंदी बांधण्यात पुढाकार होता तो बलाढ्य छीच्या ह्वान राजाचाच. मोठ्या छीनं धाकट्या छीला आसरा दिला!

तिसरी अडचण व्याकरणाची. ही चार अक्षरं एकत्र मिळून क्रियापदासारखी चालतात, आणि आकाश हे कर्म त्यांच्या पोटात आधीच बसलेलं आहे. म्हणून मागून आणखी एक कर्म चिकटवता येत नाही. 'परीक्षेची छी रन यौ थ्येन' चालत नाही. 'परीक्षेपायी' असं आधी सांगून मग ही अक्षरं येतात.

चौथी अडचण अर्थाच्या छटेची, आणि खरी फजिती इथेच होते. पावसाआधी छप्पर शाकारणाऱ्याला हा वाक्प्रचार लावत नाहीत; त्याच्यासाठी वेगळा, कौतुकाचा वाक्प्रचार आहे, ज्याचा शब्दशः अर्थच 'पाऊस येण्याआधी बांधून घेणं' असा होतो. तांग घराण्याच्या काळातल्या लू श्यांगश्येन या अधिकाऱ्याच्या बोलण्यावरून रूढ झालेला आणखी एक आहे: जगात मुळात काही बिघडलेलं नसतं, सामान्य कुवतीचा माणूसच स्वतःला त्रास करून घेतो. यात आणि छीच्या माणसात फरक आहे. छीचा माणूस जे होणार नाही त्याला भितो, आणि त्याचा उपद्रव कुणाला नाही. दुसरा, नसलेली भानगड स्वतः उभी करतो. म्हणून पहिला वाक्प्रचार चेष्टेनं म्हणता येतो, दुसरा तोंडावर म्हटला तर अपमान होतो. आणि ज्याच्या घरात खरंच आजारपण किंवा कर्ज आहे त्याला दोन्ही ऐकवू नयेत.

हा वाक्प्रचार नेहमी हेटाळणीचाच असतो असंही नाही. तांग काळचा कवी ली बाय यानं तो स्वतःवर घेतला होता: माझी निष्ठा दरबाराला दिसत नाही, उलट मी विनाकारण आभाळाची चिंता करणारा छीचा माणूस ठरतो, असा त्याचा सल. तिथे आभाळ म्हणजे राज्य, आणि काळजी करणारा एकटाच जागा असलेला.

शेजारच्या भाषांनी चारातली दोनच अक्षरं उचलली, छी आणि यौ. जपानीत त्याचं कियू झालं, कोरियनमध्ये कीऊ. दोन्हीकडे आता ते साधं नाम आहे: 'निराधार भीती'. जपानीत 'कियूमध्ये संपलं' म्हणतात, म्हणजे भीती होती पण निभावलं. वापरणाऱ्या कित्येकांच्या मनात तो माणूस आणि ते आकाश येतही नसेल, जसं 'अनाठायी' म्हणताना आपल्याला त्यातला ठाव आठवत नाही. व्हिएतनामी लोकांनी तर वेगळीच म्हण काढली: गायीचे दात पांढरे आहेत म्हणून काळजी करणं. ही मला चिनी म्हणीपेक्षाही आवडते. आभाळ निदान पडू तरी शकतं.

मराठीत याला एकास एक जोड नाही, आणि ती शोधूही नये. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' यात भित्र्याला खरोखर काहीतरी दिसत असतं. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे जवळचं, पण ते सहसा आपल्या माणसाबद्दलच्या वाईट विचारांसाठी, पोराला यायला उशीर झाला की तोंडात येणारं. 'काजी का दुबळे, तर शहराच्या अंदेशानं' ही उत्तरेकडून आलेली म्हण दुसऱ्यांच्या उचापतींवर आहे, आभाळावर नाही. त्यामुळे भाषांतर करताना वाक्य बघून शब्द निवडावा.

कुणी 'छी रन यौ थ्येन करू नकोस' म्हणालं तर 'नसता घोर लावून घेऊ नकोस' बसतं. चिनी वर्तमानपत्रांत हा वाक्प्रचार बऱ्याचदा नकारातच भेटतो, 'हे काही छी रन यौ थ्येन नव्हे' असा. तिथे 'ही भीती अनाठायी नाही' असं करावं. 'छीचा माणूस' तसाच ठेवला तर वाचक अडखळतो. तिसरा प्रकार पुण्या-मुंबईत चिनी कंपन्यांशी कामकाज करणाऱ्यांना नक्की भेटेल. बैठकीत समोरचा माणूस हसून म्हणतो, 'कदाचित मीच छी रन यौ थ्येन करत असेन, पण...' याचं मराठी 'माझं आपलं उगीच असेल, पण...' असं होतं. नवा दुभाषी हे ऐकून 'ते म्हणतात, काळजीचं काही कारण नाही' असं सांगून मोकळा होतो आणि तिथेच घोटाळा होतो. ही नम्रतेची पद्धत आहे. त्या 'पण'च्या पुढे जे येतं, मालाची तारीख, पावसाळ्यात गळणारं गोदाम, मंजुरीला लागणारा वेळ, तेच त्याला सांगायचं असतं. तेवढं लिहून घ्यावं.